जुन्या फायबर बोटीच्या डेकचे ड्रेन आणि होज बदलताना

हस्ताच्या पावसातली सकाळ होती. कर्लीच्या खाडीत नांगरलेली आमची २६ फुटी फायबर बोट रात्रभरात मागून बसली होती. पाणरेषा रोजच्यापेक्षा वीतभर वर. आत उतरलो तर इंजिनखाली गुडघाभर पाणी. बॅटरी बुडालेली, म्हणून पंपही गप्प. आम्ही सगळे बोटीच्या तळाला भोक शोधत होतो. शेजारच्या होडीवरचे म्हातारे तांडेल काठावरून एवढंच म्हणाले, "पाणी खयसून येता ता आधी बघ, मगे उपस."

भोक कुठेच नव्हतं. मागच्या डेकवरचं पाणी बाहेर नेणारा डाव्या बाजूचा होज, म्हणजे लवचीक जाड नळी, ड्रेनच्या तोटीवरून निसटून खाली लोंबत होता. क्लिपचा स्क्रू गंजून तुटला होता, बाकी काहीही बिघडलेलं नव्हतं. डेकवर पडलेला पाऊस बाहेर न जाता रात्रभर सरळ बोटीच्या पोटात गेला. आमच्या बोटीचं पाणी गोळा करणारं डेक साधारण ८ चौरस मीटर आहे. २०० मिलिमीटर पाऊस झाला तर त्यावर १,६०० लिटर पाणी पडतं. त्या वजनाने मागची बाजू खाली गेली, ट्रान्समवरचं, म्हणजे बोटीच्या मागच्या भिंतीवरचं, ड्रेनचं तोंड पाण्याखाली आलं आणि मग त्याच लोंबत्या होजमधून उलट खाडीचं पाणी आत यायला लागलं. सुरुवात पावसाने केली, शेवट समुद्राने केला असता.

म्हणून हा लेख. आपल्याकडच्या लाकडी ट्रॉलरना डेकच्या कठड्यालाच भोकं असतात, पाणी सरळ बाहेर पडतं, तिथे होजचा प्रश्न नाही. उघड्या फायबर पातींमध्ये, म्हणजे छोट्या होड्यांमध्ये, पाणी तळात जमतं आणि उपसावं लागतं, तिथेही नाही. प्रश्न आहे तो बंद डेकच्या फायबर बोटींचा: मासेमारीच्या, गळ टाकायला जाणाऱ्या, पर्यटकांना नेणाऱ्या, सेकंडहँड आणलेल्या पंधरा-वीस-तीस वर्षांच्या बोटी. त्यांत मागच्या खोलगट डेकच्या, म्हणजे कॉकपिटच्या, दोन कोपऱ्यांत ड्रेन असतात आणि डेकखालून होज बाहेर जातो. ते होज सहसा बोट बांधली तेव्हाचेच असतात.

पाणी बाहेर कसं जातं

डेकची पातळी बाहेरच्या पाण्यापेक्षा थोडी वर असते आणि डेकला मागे उतार असतो. पाणी कोपऱ्यातल्या ड्रेनमध्ये जातं, होजमधून ट्रान्समवरच्या किंवा बाजूच्या तोंडाशी येतं आणि समुद्रात पडतं. सगळं गुरुत्वाकर्षणावर. डेक आणि बाहेरचं पाणी यांच्यात समजा १५ सेंटिमीटरचा फरक आहे. जाळी, वळणं आणि तोटीचं आवळपण धरलं तर ३८ मिलिमीटरच्या, म्हणजे दीड इंची, एका ड्रेनमधून सेकंदाला जेमतेम लिटरभर पाणी जातं. ५० मिलिमीटरच्या ड्रेनमधून पावणेदोन लिटरच्या आसपास. आता मागून एक लाट आत आली आणि ४ चौरस मीटरच्या कॉकपिटमध्ये १० सेंटिमीटर पाणी साचलं, तर ते ४०० लिटर झालं, म्हणजे चारशे किलोंहून जास्त वजन बोटीच्या मागच्या टोकावर. दोन दीड इंची ड्रेनना ते बाहेर टाकायला तीन-साडेतीन मिनिटं लागतात, दोन इंचींना दोन मिनिटांच्या आत. त्या दीड मिनिटात दुसरी लाट येते. जागा असेल तर होज बदलताना माप वाढवा, असं मी सांगतो ते यासाठी.

होज आतून मोजतात, पण पाणी अडतं ते तोटीत. प्लास्टिकच्या दीड इंची तोटीची भिंत जाड असते, तिचं आतलं भोक बऱ्याचदा ३० मिलिमीटरच भरतं. ३८ आणि ३० यांत फरक किरकोळ वाटतो, पण पाण्याची वाट एकतृतीयांशाहून जास्त कमी होते. दुकानात तोटी हातात घेऊन आतलं भोक मोजल्याशिवाय पैसे देऊ नका.

दुसरी एक गोष्ट जुन्या बोटींच्या बाबतीत हमखास घडते. बोट बांधली तेव्हा ड्रेनचं तोंड पाण्याच्या वर होतं. नंतर हलकं टू-स्ट्रोक इंजिन जाऊन जड फोर-स्ट्रोक आलं, दुसरी बॅटरी आली, मोठी बर्फाची पेटी आली. आता तेच तोंड भरल्या बोटीत पाण्याखाली असतं. किनाऱ्यावर बोट कोरडी उभी असताना हे दिसत नाही. काम काढण्याआधी एकदा डिझेल, बर्फ, जाळी आणि नेहमीची माणसं घेऊन बोट पाण्यात उभी करा, सगळ्यांना जाळं ओढायच्या बाजूला उभं करा आणि होडीतून जाऊन बघा की तोंड कुठे आहे. खडूने पाणरेषा मारून ठेवा. पुढचे निम्मे निर्णय त्या रेघेवर ठरतात.

केव्हा करावं

पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते. बोटी वर ओढून शाकारल्या जातात आणि सगळ्यांना वाटतं, आता दोन महिने आहेत, सावकाश करू. पण फायबर आणि रेझिनचं काम जूनच्या दमट हवेत चांगलं होत नाही. डेकमधलं ओलं प्लाय वाळत नाही, इपॉक्सीवर, म्हणजे हार्डनर मिसळून घट्ट होणाऱ्या रेझिनवर, चिकट थर येतो. म्हणून मोडतोड, वाळवणं आणि रेझिन हे आगोटीआधी, मे महिन्याच्या कडक उन्हात उरका, त्यासाठी बोट आठ-दहा दिवस आधी वर घ्यावी लागली तरी घ्या. सीलंट लावणं आणि होज जोडणं पावसात, ताडपत्रीखाली केलं तरी चालतं. पॉलियुरेथेन सीलंट तर हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतं, फक्त ज्या पृष्ठभागावर लावायचं तो कोरडा हवा.

आधी नीट बघा

टॉर्च, आरसा आणि मोबाइलचा कॅमेरा घेऊन डेकखाली शिरा. होज हाताने दाबून बघा. चांगला होज दबतो आणि परत फुगतो. जुना पीव्हीसी होज लाकडासारखा कडक झालेला असतो आणि क्लिपच्या कडेला त्याला बारीक आडव्या भेगा असतात. रबरी होज वाकवल्यावर वरच्या थरात जाळीदार चिरा दिसल्या तर तोही गेला. एखाद्या ठिकाणी झोळ पडलेला असेल तर तिथे खवले, वाळू आणि शिंपले साचलेले असतात. होज जड लागतो त्यावरूनच ते कळतं.

क्लिपला लोहचुंबक लावा. पट्टी स्टेनलेस आणि स्क्रू साध्या लोखंडाचा, अशा क्लिपा बाजारात भरपूर मिळतात. आमची तशीच होती, आणि पाकिटावर स्टेनलेस लिहिलेलं होतं. चुंबक स्क्रूला घट्ट चिकटला तर ती क्लिप फेकून द्या.

बाहेरचं तोंड प्लास्टिकचं असेल तर त्याच्या चकतीकडे बघा. पांढऱ्या नायलॉनवर कोकणातलं ऊन काही वर्षं पडलं की ते खडूसारखं होतं. नखाने पावडर निघते आणि चकतीला बारीक भेगा जातात. अशी चकती जेट्टीला एकदा घासली की मोकळी होते, मग होज कितीही नवा असला तरी उपयोग नाही. पितळेचं तोंड असेल तर कानशीने एका कोपऱ्यात हलकं घासा. आत पिवळं दिसलं तर ठीक. गुलाबी, तांब्यासारखं दिसलं तर समुद्राच्या पाण्याने त्यातलं जस्त खाल्लं आहे. उरलंय ते सच्छिद्र तांबं, हातोडीच्या टोल्याने फुटेल असं.

शेवटी डेक. ड्रेनच्या भोवती वीतभर अंतरापर्यंत स्क्रू-ड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने ठोकत जा. कोरडं डेक खणखणीत वाजतं, ओलं डेक बद्द वाजतं. फायबरच्या दोन थरांमध्ये प्लाय किंवा बाल्साचं लाकूड असतं. ड्रेनच्या कडेचं सीलंट सुटलं की पाणी त्या लाकडात शिरतं आणि पाण्याबरोबर माशाचं रक्त, मीठ, सगळंच शिरतं. जिथे आवाज बदलतो तिथे पेन्सिलने खूण करा. खूण ड्रेनपासून चार-पाच सेंटिमीटरच्या आत राहिली तर पुढे सांगतो तेवढं काम पुरेल. वीतभराच्या पलीकडे गेली तर डेकचा वरचा थर कापून आतलं लाकूड बदलावं लागेल. ते वेगळं आणि मोठं काम आहे. ते बाजूला ठेवून नुसता ड्रेन बदलू नका, कारण कुजलेल्या लाकडावर कुठलीच फिटिंग आवळली जात नाही.

सामान

होजच्या बाबतीत माझं मत ठाम आहे. शेतीपंपाला लावतात तो हिरवा सक्शन पाइप डेकच्या ड्रेनला लावू नका. स्वस्त असतो, सगळीकडे मिळतो, म्हणून अर्ध्या बोटींवर तोच असतो. पण त्याच्या आतल्या कडक वेटोळ्यांमुळे बाहेरून उंचवटे येतात, क्लिप त्या उंचवट्यांवर बसते आणि दोन उंचवट्यांच्या मधून पाणी झिरपतं. घट्ट आवळली की वेटोळं फुटतं. बिल्ज पंपासाठी, म्हणजे तळातलं पाणी उपसणाऱ्या पंपासाठी, मिळणारा बारीक वळ्यांचा पातळ होजही नको, त्याच्या वळ्यांत घाण अडकते. तारवाला, आतून गुळगुळीत, जाड रबरी होज घ्या. इंजिनाच्या ओल्या एग्झॉस्टला वापरतात तो मरीन होज यासाठी उत्तम. महाग आहे, पण दोन्ही बाजूंचं मिळून दोन-तीन मीटरच लागतो.

क्लिपा ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसच्या, स्क्रूसकट. प्रत्येक टोकाला दोन. पट्टी साधारण १२ मिलिमीटर रुंद असावी. पट्टीला आरपार खाचा असलेल्यापेक्षा दाबून उठवलेले आटे असलेली क्लिप बरी, तिच्या कडा रबर कापत नाहीत.

बाहेरच्या तोंडासाठी तुमची खडूची रेघ बघा. तोंड भरल्या बोटीत पाण्याखाली जात असेल किंवा रेघेपासून वीतभराच्या आत असेल तर गनमेटलचं, म्हणजे तांब्यात कथील मिसळलेल्या धातूचं, तोंड आणि त्याला आत पाव वळशात बंद होणारा व्हॉल्व्ह. पितळ नाही. नळाच्या दुकानातला चकचकीत बॉल व्हॉल्व्ह बहुतेक पितळेचाच असतो. काचतंतू घातलेल्या नायलॉनची मरीन फिटिंगही चांगली असते, ती गंजत नाही. तोंड कायम रेघेच्या बरंच वर राहत असेल तर व्हॉल्व्ह नसला तरी चालेल, पण तिथेही साधं पांढरं प्लास्टिक मी लावत नाही.

हा भेद किती महत्त्वाचा आहे त्याचा अंदाज घ्या. पाण्याखाली ३० सेंटिमीटरवर दीड इंची वाट उघडी पडली तर मिनिटाला साधारण १०० लिटर पाणी आत येतं, तासाला ६,००० लिटर. ११०० गॅलनचा म्हणून विकला जाणारा पंप कागदावर तासाला ४,२०० लिटरच्या आत टाकतो, आणि पाणी मीटरभर वर चढवायचं असेल, बॅटरी थकलेली असेल तर त्याच्या निम्मं.

आट्यांची एक अडचण सांगून ठेवतो. आपल्याकडच्या नळाच्या फिटिंगना बीएसपी आटे असतात, अमेरिकी मरीन सामानाला एनपीटी. दीड इंचाच्या मापात बीएसपीला इंचात ११ आटे आणि एनपीटीला साडेअकरा. पहिले एक-दोन वळसे छान बसतात, मग अडकतं. माणसाला वाटतं घट्ट झालं. ते घट्ट झालेलं नसतं, आटे एकमेकांना खात असतात. तोंड आणि व्हॉल्व्ह एकाच ठिकाणाहून, एकाच जातीचे घ्या आणि दुकानातच हाताने पूर्ण फिरवून बघा.

सीलंट पॉलियुरेथेनचं, पाण्याखाली चालणारं, सिकाफ्लेक्स २९१ सारखं. पुन्हा कधीच न उघडण्याच्या ताकदीचं चिकटवणारं वापरू नका. दहा वर्षांनी कोणालातरी ही फिटिंग काढायची आहे. सिलिकॉन तर बोटीच्या या भागात आणूच नका. ते निघालं तरी त्याचा अदृश्य थर राहतो आणि त्यावर नंतर ना सीलंट धरतं ना रंग. पॉलिसल्फाइड चांगलं असतं, पण पीव्हीसी आणि एबीएससारख्या प्लास्टिकला ते मऊ करतं, धातूच्या फिटिंगलाच लावा.

याशिवाय इपॉक्सी, ते घट्ट करायला सिलिकाची पावडर, विणलेलं काचेचं कापड, हातमोजे, धुळीचा चांगला मास्क आणि ॲसिटोन.

जुनं काढताना

बॅटरीच्या दोन्ही तारा सोडा. पेट्रोलची टाकी असेल तर ती बाहेर काढा, नाही जमलं तर झाकणं उघडून तळ दिवसभर हवेशीर ठेवा. ग्राइंडरची एक ठिणगी पुरते.

क्लिपा सुटल्या नाहीत तर पट्टी कापा. होज ओढून काढायचा प्रयत्न करू नका, ओढाओढीत वरची तोटी मोडते किंवा डेकचा थर उचलला जातो. धारदार कटरने होजला तोटीवर उभी चीर द्या, हीट गनने गरम करा आणि सालीसारखा सोला. धातूची तोटी ठेवायची असेल तर पातं तिच्यापर्यंत दाबू नका, तिच्यावर उठलेला ओरखडा पुढे कायम झिरपत राहतो.

होज जर बंद पोकळीतून किंवा फोममधून गेलेला असेल तर बाहेर खेचण्याआधी त्याच्या टोकाला नायलॉनची दोरी बांधा. दोरी आत राहिली की नवा होज त्याच वाटेने ओढता येतो. पोकळीत हातच जात नसेल तर डेकला ड्रेनजवळ एक गोल झाकण बसवायचं भोक पाडा. नवं भोक पाडायला जीवावर येतं हे मला माहीत आहे. पण ज्या जोडापर्यंत हात पोचत नाही त्या जोडाची तपासणी कधीच होत नाही.

बाहेरचं तोंड सोडताना आतला नट ढिला झाला तरी चकती सीलंटला चिकटून राहते. पातळ पातं किंवा पियानोची तार चकतीमागून सावकाश फिरवा. नटच गंजून धरला असेल तर बाहेरून चकती ग्राइंडरने घासून टाका आणि उरलेली नळी आत ढकला. फायबरला खाच पडू देऊ नका.

भोकाची कड

माझ्या मते सगळ्या कामातलं हेच खरं काम आहे. लोक नेमकं हेच सोडतात, कारण होज नवा दिसतो, फिटिंग नवी दिसते आणि आतलं ओलं लाकूड कोणाला दिसत नाही.

ड्रेन काढल्यावर भोकाच्या कडेला फायबरचे दोन थर आणि मधलं लाकूड दिसतं. लाकूड काळं, मऊ असेल तर ते खरवडून काढा. एक खिळा काटकोनात वाकवा, ड्रिलला लावा आणि दोन थरांच्या मध्ये सावकाश फिरवा, कुजलेला भाग भुग्यासारखा बाहेर येतो. लाकूड चांगलं दिसलं तरी चहूबाजूंनी दोन सेंटिमीटर आत जाईपर्यंत काढा. मग वाळू द्या. मे महिन्यात उघडं ठेवून तीन-चार दिवस, रात्री ताडपत्री. घाई असेल तर १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा बल्ब भोकाखाली लटकवून ठेवा. हीट गनने भाजू नका, वरचा थर फुगतो. टिश्यू पेपर आत दाबून काढला आणि तो कोरडा आला की पुढे जा.

खालून भोकाला चिकटपट्टी लावा. आधी नुसतं पातळ इपॉक्सी ब्रशने लाकडाच्या कडेला पाजा, दोनदा. ते चिकट असतानाच सिलिका घालून लोण्यासारखं केलेलं इपॉक्सी पोकळीत दाबून भरा. एका वेळी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरपेक्षा जाड थर नको. जाड गोळा स्वतःच्या उष्णतेने उकळतो, तडकतो, मे महिन्यात तर लवकरच. हार्डनर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच. लवकर वाळावं म्हणून जास्त घातलं तर इपॉक्सी कायमचं मऊ राहतं. दुसऱ्या दिवशी वर आलेला चिकट थर साध्या पाण्याने आणि घासणीने धुवा, मग पॉलिश पेपर मारा.

आपल्याकडच्या यार्डात पॉलिएस्टर रेझिन वापरायची सवय आहे. नव्या बांधणीला ते ठीक, पण जुन्या फायबरवर, तेही लाकडाशी, इपॉक्सी कितीतरी घट्ट धरतं. इपॉक्सीखाली तुकडे-तंतूंची मॅट वापरू नका, तिच्यातला बांधणारा पदार्थ पॉलिएस्टरमध्ये विरघळतो, इपॉक्सीत नाही. विणलेलं कापड घ्या. आणि पॉलिएस्टर वापरायचंच ठरलं तर कोबाल्टचं ॲक्सिलरेटर आणि एमईकेपी हार्डनर कधीही एकमेकांत थेट मिसळू नका. दोन्ही वेगवेगळे रेझिनमध्येच जायला हवेत. थेट मिसळले तर स्फोट होऊ शकतो.

भरलेल्या जागी आता नवं भोक पाडायचं. मोठं भोक बुजलं तरी होल सॉच्या, म्हणजे गोल भोक कापणाऱ्या करवतीच्या, मधल्या ड्रिलला आधार लागतो, तो इपॉक्सीत मिळतो. जुनं भोक बुजवलं नसेल आणि फक्त मोठं करायचं असेल तर त्यात प्लायची चकती ठोकून बसवा आणि तिच्या मध्यावरून होल सॉ चालवा. बाहेरच्या थरातून सुरू करा, आरपार निघण्याआधी दाब कमी करा. ट्रान्समच्या भोकाची कडही अशीच इपॉक्सीने बंद करायची. ट्रान्सममध्ये सहसा जाड प्लाय असतं आणि आउटबोर्ड इंजिनाचा सगळा भार त्यावर. तिथलं प्लाय कुजलं तर ड्रेनचा प्रश्न फारच लहान ठरतो.

नवं बसवताना

सगळं एकदा कोरडं जुळवून बघा. चकती बाहेरून सपाट बसते ना, व्हॉल्व्हची मूठ पूर्ण फिरते ना, होज कुठे घासतो का. आतून बोटीची भिंत पातळ असेल किंवा वक्र असेल तर १०-१२ मिलिमीटर जाडीचा फायबरचा ठोकळा इपॉक्सीने चिकटवा, नट त्यावर बसेल. पाण्याखालच्या तोंडासाठी अमेरिकी बोट आणि यॉट कौन्सिलचं मानक असं की व्हॉल्व्हच्या आतल्या टोकावर ५०० पाउंड, म्हणजे २२७ किलोंचा भार ३० सेकंद दिला तरी काही सुटता कामा नये. खळबळत्या समुद्रात खलाशाचा पाय तिथेच पडतो, म्हणून ही अट योग्यच आहे.

पृष्ठभाग ॲसिटोनने पुसा. चकतीच्या आतल्या बाजूला आणि आट्यांवर सीलंटचा अखंड जाड दोरा फिरवा. एकाने बाहेरून चकती धरायची, दुसऱ्याने आतून नट फिरवायचा. तोंड फिरवू नका, फक्त नट. कडेने चहूबाजूंनी सारखं सीलंट बाहेर आलं की थांबा. आणखी आवळलं तर सगळं सीलंट पिळून निघतं आणि धातू थेट फायबरवर बसतो, मग गळतं. प्लास्टिकच्या नटाला पान्याची गरज अर्ध्या वळशाहून जास्त नसते. वर आलेलं सीलंट लगेच पुसा आणि आठवडाभर तसंच राहू द्या.

डेकवरचा ड्रेन बसवताना त्याची कड डेकच्या पातळीपेक्षा किंचित खाली हवी. जुन्या बोटींवर अनेकदा ड्रेनची चकती डेकवर बसवलेली असते, तिच्या जाडीएवढं पाणी कोपऱ्यात कायम साचतं, तिथेच शेवाळ धरतं आणि माणूस घसरतो. चकतीच्या मापाची उथळ खाच करून ती आत बसवा. जाळी मोठ्या भोकांची ठेवा. बारीक जाळीवर पाच मिनिटांत खवल्यांचा थर बसतो.

होज मापून सरळ कापा, तिरका काप नको. कापलेल्या टोकाला तार उघडी पडते, तिच्यावर सीलंटचं बोट फिरवा, नाहीतर गंज आतून चढत जातो. टोक उकळत्या पाण्यात मिनिटभर धरलं आणि तोटीला भांडी घासायच्या साबणाचं पाणी लावलं की जाड होजही चढतो. तेल किंवा ग्रीस लावू नका, रबर खराब होतं आणि होज नंतर घसरत राहतो. तोटीच्या मुळापर्यंत चढवा. क्लिपा होज चढवण्याआधीच त्यावर ओवून ठेवा. पहिली क्लिप टोकापासून पाच-सहा मिलिमीटर आत, दुसरी तिच्या शेजारी, दोन्हींचे स्क्रू एकमेकांच्या विरुद्ध बाजूला. दोन्ही क्लिपांखाली तोटी असलीच पाहिजे. तोटी आखूड असेल तर दुसरी क्लिप रिकाम्या रबराला चिमटा घेते आणि होज तिथेच फाटतो, तिथे एकच चांगली क्लिप लावणं बरं आणि लांब तोटीची फिटिंग शोधणं त्याहून बरं.

होज ड्रेनपासून तोंडापर्यंत सतत उतरता हवा, मध्ये झोळ नाही. दर ४०-५० सेंटिमीटरवर आधार द्या. ५० मिलिमीटरच्या तारवाल्या होजला २०-२५ सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा आवळ वळण देऊ नका. शिडाच्या बोटींवर डावा ड्रेन उजवीकडे आणि उजवा डावीकडे नेतात, कारण त्या सतत कलंडून चालतात. आपल्या मासेमारीच्या बोटीला मी सरळ, आखूड वाटच पसंत करतो. लांब होज म्हणजे जास्त वळणं आणि अडकायला जास्त जागा.

बिल्ज पंपाचा पाइप मात्र या होजला जोडू नका. एक भोक वाचतं म्हणून हे अनेकांनी केलेलं असतं. ड्रेन तुंबला की पंपाचं पाणी डेकवर येतं, आणि तोंड पाण्याखाली गेलं की बाहेरचं पाणी पंपातून उलट तळात उतरू शकतं. पंपाला स्वतःचं तोंड, पाणरेषेच्या बरंच वर.

मागून लाट आली तर पाणी उलट वर येऊ नये म्हणून बाहेरच्या तोंडाला रबरी झडप लावता येते. ती उपयोगी आहे, पण तिच्यात जाळ्याचा नायलॉनचा तुकडा अडकला की ती ना उघडते ना बंद होते. दर फेरीनंतर बोटाने उचलून बघायची तयारी असेल तरच लावा. आणि व्हॉल्व्ह लावला असेल तर बोट नांगरून घरी जाताना तो उघडाच राहिला पाहिजे. बंद ठेवला तर पावसाने कॉकपिट भरेल. तो होज फुटल्यावर बंद करण्यासाठी आहे. त्याच्या मुठीला लाकडाचं निमुळतं बूच दोरीने बांधून ठेवा, व्हॉल्व्हच तुटला तर ते ठोकायला.

पाण्याची चाचणी

बोट वर असतानाच बाहेरची दोन्ही तोंडं बुचाने बंद करा. डेकखाली प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्राचा कोरडा कागद पसरा. बादलीभर पाण्यात कपड्यांची नीळ कालवा आणि ड्रेनमधून ओता, मग डेकवर चार बोटं पाणी उभं राहील इतकं साधं पाणी भरा. अर्धा तास थांबा. कागदावर निळा ठिपका कुठे पडतो ते बघा. घाम आलेल्या भिंतीचं पाणी आणि गळतीचं पाणी यांत फरक निळीमुळेच कळतो. डेकच्या खालच्या बाजूने, ड्रेनच्या चकतीभोवती निळं दिसलं तर सीलंट अखंड नाही, ते पुन्हा करावं लागेल. क्लिपेशी दिसलं तर आवळा.

मग बुचं काढा आणि घड्याळ लावा. डेक रिकामं व्हायला किती सेकंद लागतात ते दोन्ही बाजूंचं वेगवेगळं लिहून ठेवा. पुढच्या वर्षी हाच आकडा वाढलेला दिसला तर होजमध्ये काहीतरी साचलं आहे हे न उघडता कळेल. आमच्या बोटीला जुन्या होजवर तीन मिनिटांच्या वर लागायचे, आता एक मिनिट चाळीस सेकंद.

बोट पाण्यात उतरवली की पहिला तासभर कुठेही जाऊ नका. डेकखाली बसून जोडांवर कोरडा हात फिरवा. पूर्ण माल आणि माणसं घेऊन खडूची रेघ पुन्हा बघा. पहिल्या फेरीहून आल्यावर सगळ्या क्लिपा एकदा आवळा, नवं रबर आठवडाभर बसत राहतं आणि क्लिप थोडी ढिली होतेच. त्यानंतर दर महिन्याला ड्रेनमध्ये वरून गोड्या पाण्याचा पाइप लावून होज धुवा. हस्ताआधी एकदा, बोट कितीही कामात असली तरी, टॉर्च घेऊन खाली उतरा आणि प्रत्येक क्लिपच्या स्क्रूला हात लावून या.